यूकॅसवरून ब्रिटनच्या विद्यापीठांना अर्ज: खातं उघडण्यापासून जागा पक्की होईपर्यंत

ब्रिटनमध्ये पदवीला प्रवेश घ्यायचा तर प्रत्येक विद्यापीठाच्या दारात वेगळं जावं लागत नाही. एकच अर्ज भरायचा, तो यूकॅसकडे जातो आणि तिथून तुम्ही निवडलेल्या विद्यापीठांना पोचतो. विद्यापीठांसाठी अशी मध्यवर्ती व्यवस्था तिथे १९६१ पासून आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला विद्यापीठांचं आणि पॉलिटेक्निकांचं प्रवेशाचं काम एकत्र आलं आणि यूकॅस उभी राहिली. तिचं मुख्यालय चेल्टनहॅमला आहे. हा लेख बारावीनंतर थेट पदवीला जाऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी आहे. मास्टर्सचे अर्ज बहुतेक विद्यापीठं स्वतःच्याच पोर्टलवर घेतात, त्यांचा इथे विचार केलेला नाही. संगीत-नाट्य शिकवणाऱ्या कन्झर्व्हेटॉयरसाठी यूकॅसची वेगळी योजना आहे आणि तिच्या तारखाही वेगळ्या असतात.

पोर्टल वापरायला सोपं आहे. मोबाइलवरून बँकेचे व्यवहार करणाऱ्या कुणालाही ते जमेल. पण हा अर्ज एकट्याच्या हातून पूर्ण होत नाही, आणि मुलं अडकतात ती इथेच. तुमचे शिक्षक, तुमचं कॉलेज, परीक्षा मंडळ आणि पाच विद्यापीठं, सगळ्यांचे हात त्याला लागतात. तुम्ही स्वतःचा भाग भरून, पैसे भरून निवांत बसलात तरी अर्ज यूकॅसकडे पोचलेलाच नसतो, असं दरवर्षी कितीतरी जणांचं होतं. त्यामुळे खाली प्रत्येक पायरीवर मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणार आहे: हे काम आत्ता कुणाकडे अडलंय, ते बघा.

आधी तारखा

मुख्य तारखा दोन. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि बहुतेक सर्व वैद्यकीय, दंतवैद्यकीय व पशुवैद्यकीय अभ्यासक्रमांसाठी १५ ऑक्टोबर. बाकी बहुतेक अभ्यासक्रमांसाठी जानेवारीतली तारीख. ही दरवर्षी थोडी हलते. २०२५ च्या प्रवेशासाठी ती २९ जानेवारी होती, २०२६ च्या प्रवेशासाठी १४ जानेवारी. गेल्या वर्षीच्या कुणाच्या तरी आठवणीवर विसंबू नका, आपल्या वर्षाची तारीख यूकॅसच्या संकेतस्थळावरच पाहा.

वेळ संध्याकाळी सहाची, पण ब्रिटनमधली. ऑक्टोबरच्या मध्यात तिथे उन्हाळी वेळ चालू असते, म्हणून भारतात तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात. जानेवारीत हीच वेळ भारतात साडेअकरा होते.

जानेवारीच्या तारखेपर्यंत आलेल्या सगळ्या अर्जांचा विद्यापीठाला सारखाच विचार करावा लागतो. त्यानंतरही ३० जूनपर्यंत अर्ज करता येतो, पण तेव्हा विचार करायचा की नाही, हे जागा उरल्या आहेत का यावर ठरतं. ३० जूनच्या संध्याकाळी सहानंतर आलेला अर्ज थेट क्लिअरिंगमध्ये, म्हणजे उरलेल्या जागा भरण्याच्या फेरीत, जातो. त्याबद्दल शेवटी.

काही अभ्यासक्रमांना प्रवेश परीक्षाही असते. वैद्यकीयसाठी यूकॅट, काही विद्यापीठांच्या कायद्याच्या अभ्यासक्रमासाठी एलनॅट, काही ठिकाणच्या गणित-अभियांत्रिकीसाठी टीएमयूए किंवा ईसॅट. यूकॅसवर अर्ज केला म्हणजे या परीक्षांची नोंदणी आपोआप होते, असा समज सर्रास दिसतो. ती होत नाही. ती वेगळी करावी लागते, आणि ऑक्टोबरच्या अर्जदारांची नोंदणीची मुदत बहुतेक वेळा सप्टेंबरातच संपते. वैद्यकीयला जाणाऱ्या मुलांनी अर्जाच्याही आधी हे काम उरकावं.

खातं उघडताना

ईमेल स्वतःचा द्या आणि तो पुढची दीड-दोन वर्षं चालू राहील असा असू द्या. कॉलेजने दिलेला पत्ता वापरू नका. बारावी संपली की तो बंद होऊ शकतो, आणि सगळ्यात महत्त्वाचे निरोप नेमके तेव्हाच येतात. सल्लागार संस्थेमार्फत जात असाल तरी खातं तुमच्याच ईमेलवर उघडा आणि पासवर्ड स्वतःकडे ठेवा. ऑफरला उत्तर देणं, जागा सोडणं हे सगळं याच खात्यातून होतं. तुमच्या शिक्षणाच्या किल्ल्या दुसऱ्याच्या खिशात असू नयेत, हे माझं ठाम मत आहे.

सुरुवातीलाच विचारलं जाईल की तुम्ही शाळा-कॉलेजमार्फत अर्ज करताय की स्वतंत्रपणे. तुमचं कॉलेज किंवा सल्लागार संस्था यूकॅसकडे नोंदलेली असेल तर ते एक बझवर्ड देतात. तो टाकला की तुमचा अर्ज त्यांच्या केंद्राशी जोडला जातो. नोंदलेली नसेल तर स्वतंत्र अर्जदार म्हणून पुढे जा, त्याने काही बिघडत नाही. फक्त शिफारस देणाऱ्या शिक्षकांचं नाव आणि ईमेल तुम्हाला स्वतः द्यावं लागतं.

खातं उघडल्यावर दहा अंकी वैयक्तिक क्रमांक मिळतो. तो लिहून ठेवा. विद्यापीठाशी कोणताही पत्रव्यवहार करताना तो आधी विचारतात.

वैयक्तिक माहिती आणि नावाचा घोळ

अर्ज वेगवेगळ्या विभागांत विभागलेला असतो आणि ते कोणत्याही क्रमाने भरता येतात. एक विभाग भरला की शेवटी 'पूर्ण' अशी खूण करावी लागते. सगळे विभाग पूर्ण झाल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

नावाच्या रकान्यात घाई करू नका. आपल्याकडे बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं आणि आईचं नाव वेगळं छापलेलं असतं. पासपोर्टवर मात्र स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र एका रकान्यात आणि आडनाव दुसऱ्यात, अशी मांडणी बरेचदा असते. अर्जात पासपोर्टप्रमाणेच नाव लिहा. पुढे व्हिसासाठीची कागदपत्रं या नोंदीवरूनच तयार होतात आणि तिथे एका अक्षराचा फरकही त्रास देतो. पासपोर्ट अजून काढला नसेल तर अर्ज सुरू करण्याआधी काढायला टाका. पासपोर्टवर आणि गुणपत्रिकेवर नावाचं स्पेलिंगच वेगळं असेल, तर ते दुरुस्त करायला लागणारा वेळही आत्ताच हिशेबात धरा.

याच भागात आणखी एक सोय आहे, ती बरेच जण पाहतही नाहीत. तुमच्या वतीने यूकॅसशी आणि विद्यापीठांशी बोलण्याचा अधिकार एका व्यक्तीला देता येतो. आई किंवा वडिलांचं नाव तिथे जरूर घाला. हे नाव दिलेलं नसेल तर फोनवर पालकांनी कितीही विनवलं तरी अर्जाबद्दल त्यांना काही सांगितलं जात नाही. निकालाच्या सुमारास मुलगा किंवा मुलगी प्रवासात असेल, आजारी असेल, तर हा एक रकाना फार उपयोगी पडतो.

फी कोण भरणार, या प्रश्नाला कुटुंब स्वतःच खर्च करणार असेल तर खासगी खर्चाचा पर्याय निवडा. नोकरीच्या विभागात फक्त पगारी कामं लिहायची असतात, बिनपगारी किंवा सेवाभावी कामासाठी पुढे वेगळी जागा आहे. पगारी काम केलं नसेल तर तो विभाग रिकामाच ठेवून पूर्ण झाल्याची खूण करा.

शिक्षणाचा विभाग

मला विचाराल तर सगळ्या अर्जात हा विभाग सर्वांत जपून भरायचा. दहावीचे झालेले विषय आणि गुण तर लिहायचेच, पण बारावीचा निकाल लागला नसला तरी बारावीही लिहायची. प्रत्येक विषय वेगळा घालायचा आणि निकालाच्या जागी 'प्रलंबित' हा पर्याय निवडायचा.

हे का, ते समजून घ्या. तुमचे अपेक्षित गुण तुम्ही स्वतः अर्जात भरू शकत नाही. ते शिफारस देणारे शिक्षक भरतात, आणि तुम्ही प्रलंबित म्हणून नोंदवलेल्या विषयांपुढेच भरू शकतात. म्हणजे तुम्ही रसायनशास्त्र घालायला विसरलात, तर शिक्षकांना त्या विषयाचा अंदाज द्यायला जागाच राहत नाही, आणि विद्यापीठाला वाटतं की हा विषय तुम्ही शिकतच नाही आहात. रसायनशास्त्र सक्तीचं असलेल्या अभ्यासक्रमातून अर्ज तिथेच बाहेर पडू शकतो.

परीक्षा निवडण्याची यादी लांबलचक आहे. आपलं मंडळ शोधा, नेमकं सापडलं नाही तर 'इतर' निवडून मंडळाचं नाव पूर्ण लिहा. गुण मंडळाने दिले तसेच लिहायचे. टक्क्यांचं ब्रिटिश श्रेणीत रूपांतर आपल्या मनाने करू नका, ते काम विद्यापीठाचं. कमी पडलेले गुण वगळायचा मोह होतो, तो टाळा. माहिती खरी आणि पूर्ण आहे, असं तुम्ही शेवटी जाहीर करणार असता, आणि ते खोटं निघालं तर अर्ज रद्द होऊ शकतो.

इंग्रजी भाषेच्या विभागात आयईएल्टीएसचा निकाल क्रमांक विचारतात. परीक्षा अजून दिली नसेल तर अर्ज अडत नाही. काही विद्यापीठं बारावीचे इंग्रजीचे गुण ग्राह्य धरतात, ते त्या-त्या अभ्यासक्रमाच्या पानावर पाहावं.

पाच पर्याय

जास्तीत जास्त पाच अभ्यासक्रम निवडता येतात. वैद्यकीय, दंतवैद्यकीय किंवा पशुवैद्यकीयसाठी यांपैकी चारच वापरता येतात, पाचवा दुसऱ्या विषयाला देता येतो. एका वर्षी ऑक्सफर्ड किंवा केंब्रिज, दोहोंपैकी एकच, अगदी मोजके अपवाद सोडले तर.

आपल्याकडच्या केंद्रीय प्रवेशात पसंतीक्रमावर सगळा खेळ असतो, त्यामुळे पालक इथेही 'पहिल्या नंबरला कुठलं टाकू' असं विचारतात. यूकॅसमध्ये क्रम नसतो. पाचही पर्याय सारखेच, आणि तुम्ही आणखी कुठे अर्ज केलाय हे विद्यापीठांना ऑफरला तुमचं उत्तर जाईपर्यंत दिसत नाही. तेव्हा डावपेच न लढवता निवडा. माझा सल्ला असा: एक-दोन जिथे प्रवेश मिळणं कठीण आहे असे, दोन तुमच्या अपेक्षित गुणांशी जुळणारे, आणि एक असा की अपेक्षेपेक्षा कमी गुण पडले तरी जिथे तुम्ही आनंदाने शिकाल. 'आनंदाने' हा शब्द मी मुद्दाम घातलाय. जिथे जायचंच नाही असा पाचवा पर्याय नुसता भरतीला घालण्यात अर्थ नाही.

प्रत्येक पर्यायाआधी अभ्यासक्रमाच्या पानावर भारतीय बारावीबद्दल काय लिहिलंय ते वाचा. काही विद्यापीठं बारावीवर थेट पहिल्या वर्षाला घेतात, काही आधी फाउंडेशन वर्ष करायला सांगतात. त्याच विद्यापीठात हा नियम विषयानुसारही बदलतो. अर्जात सुरू होण्याची तारीख निवडताना वर्ष नीट पाहा, कारण एक वर्ष थांबून प्रवेश घेण्याचा पर्यायही त्याच यादीत असतो. 'पॉइंट ऑफ एंट्री', म्हणजे अभ्यासक्रमाच्या कितव्या वर्षात प्रवेश हवाय, हा रकाना वेगळा; पहिल्या वर्षाला जाणाऱ्यांनी तो सहसा रिकामा ठेवायचा.

स्वतःबद्दलचं निवेदन

पूर्वी इथे एक सलग निबंध लिहावा लागे. २०२६ च्या प्रवेशापासून त्याजागी तीन प्रश्न आले. हा विषय का शिकायचाय? आतापर्यंतच्या शिक्षणाने त्यासाठी तुमची तयारी कशी झाली? आणि शिक्षणाबाहेर तुम्ही काय केलंत, त्याचा उपयोग काय? तिन्ही मिळून मर्यादा ४००० अक्षरांची, त्यात रिकाम्या जागाही मोजल्या जातात. प्रत्येक उत्तर किमान ३५० अक्षरांचं हवं. पण तिन्ही सारख्या लांबीची असावीत असा नियम नाही. विषयाला धरून सांगण्यासारखं जिथे जास्त आहे, तिथे जास्त जागा द्या.

पाचही विद्यापीठांना हेच निवेदन जातं, म्हणून त्यात एखाद्या विद्यापीठाचं नाव घालू नका. आणि पाच वेगवेगळे विषय निवडलेत तर हे निवेदन कुणालाच पटणार नाही. पर्याय निवडताना विषय एकमेकांजवळचे ठेवावेत, ते यासाठी.

'लहानपणापासून मला विज्ञानाची आवड होती' या वाक्याने वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. त्याऐवजी एक नेमकी गोष्ट घ्या: वाचलेला एखादा सिद्धांत, न जमलेला प्रयोग, सोडवताना डोकं चालवावं लागलेलं गणित. त्यातून तुम्हाला कोणता प्रश्न पडला आणि त्याचा पाठपुरावा कसा केला, ते लिहा. दुसऱ्या उत्तरात गुणांची यादी नको, ते वर आलेलेच आहेत. तिसऱ्यात स्पर्धांची प्रमाणपत्रं मोजण्यापेक्षा एका अनुभवाबद्दल चार वाक्यं बरी.

मजकूर दुसऱ्या फाइलमध्ये लिहून मग इथे चिकटवा. पोर्टलवर बराच वेळ काही हालचाल झाली नाही तर ते बाहेर काढतं आणि न जतन केलेलं जातं. ठळक किंवा तिरपी अक्षरं इथे टिकत नाहीत.

उसन्या मजकुराबद्दल स्पष्टच सांगते. यूकॅस प्रत्येक निवेदन आधीच्या निवेदनांशी ताडून पाहते आणि साम्य आढळलं तर विद्यापीठांना कळवते. मजकूर कॉपी केलेला किंवा एआयकडून लिहून घेतलेला नाही, असंही तुम्ही जाहीर करता. मुद्दे सुचवून घेणं वेगळं आणि उत्तरं लिहून घेणं वेगळं. मुलाखत झाली तर प्रश्न याच मजकुरावर येतात, आणि ज्याने स्वतः लिहिलंय त्याला ते अवघड जात नाहीत.

रेफरन्स, पैसे आणि खरी पाठवणी

शिफारसपत्र, म्हणजे रेफरन्स, शिक्षक पोर्टलवर स्वतः भरतात. तुम्ही ते अपलोड करत नाही, आणि घरच्यांनी किंवा मित्राने लिहिलेलं चालत नाही. त्याचे तीन भाग असतात: कॉलेजची सर्वसाधारण माहिती, तुमच्या शिक्षणावर परिणाम झालेली एखादी विशेष परिस्थिती असेल तर ती, आणि तुमच्याबद्दल आणखी काही सांगण्यासारखं. घरातला मृत्यू, लांबलेलं आजारपण असं काही असेल तर दुसऱ्या भागासाठी शिक्षकांशी आधी बोला. तुम्ही सांगितलं नाहीत तर त्यांना लिहिता येणार नाही.

आपल्याकडच्या अनेक शिक्षकांनी असं काही आधी भरलेलं नसतं. त्यांना किमान महिनाभर आधी भेटा, अभ्यासक्रमांची नावं आणि तुमच्या निवेदनाची प्रत द्या, अपेक्षित गुण त्यांनाच द्यायचे आहेत हे समजावून सांगा. स्वतंत्र अर्जदार असाल तर यूकॅसकडून त्यांना ईमेल जातो. तो स्पॅममध्ये पडला असेल का, हे त्यांना विचारायला संकोच करू नका.

२०२६ च्या प्रवेशासाठी शुल्क २८.९५ पौंड आहे, पाच पर्यायांना मिळून एकदाच. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू आहेत का, हे आधीच पाहून ठेवा.

आता सुरुवातीला सांगितलेला मुद्दा. केंद्रामार्फत अर्ज करणाऱ्यांनी 'पाठवा' दाबलं की अर्ज जातो तो केंद्राकडे. तिथे तो तपासला जातो, रेफरन्स जोडला जातो आणि मग केंद्र तो यूकॅसला पाठवतं. मुदत मोजली जाते ती यूकॅसकडे पोचण्याची. म्हणून कॉलेजने दिलेली आतली तारीख तीच तुमची खरी तारीख समजा, आणि अशी तारीख दिलीच नसेल तर स्वतःहून पंधरा दिवस आधीची धरा. पाठवल्यावर चूक लक्षात आली तर अर्ज केंद्राकडे असेपर्यंत ते तो तुमच्याकडे परत करू शकतात. यूकॅसकडे गेल्यावर मात्र निवेदन बदलता येत नाही. शिक्षणाच्या माहितीत काही चुकलं असेल तर विद्यापीठांना स्वतः कळवावं लागतं.

यूकॅसकडून स्वागताचा ईमेल आला की अर्ज पोचला. तो येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका.

अर्ज गेल्यानंतर

स्वागताच्या ईमेलवरच्या तारखेपासून १४ दिवसांत एखादा पर्याय बदलता येतो, प्रत्येक पर्याय एकदाच. पुढचे काही आठवडे विद्यापीठांचे स्वतंत्र ईमेल येऊ लागतात. त्यांतली बरीच स्वतःच्या पोर्टलचं लॉगिन देतात आणि कागदपत्रं तिथे मागतात. केंब्रिजला अर्ज केला असेल तर यूकॅसखेरीज 'माय केंब्रिज ॲप्लिकेशन' हा वेगळा अर्जही थोड्याच दिवसांत भरावा लागतो. एका साध्या तक्त्यात पाचही विद्यापीठांची नावं, लॉगिन, मागितलेली कागदपत्रं आणि तारखा लिहून ठेवा. आठवड्यातून दोनदा मेल आणि पोर्टल पाहणं पुरेसं आहे. रोज दहा वेळा पाहून ऑफर लवकर येत नाही, बारावीचा अभ्यास मात्र मागे पडतो.

निर्णय पोर्टलवर दिसतात. विनाअट ऑफर म्हणजे गुणांच्या सगळ्या अटी पूर्ण झालेल्या आहेत. सशर्त ऑफर म्हणजे अमुक गुण, अमुक भाषेची पातळी मिळवली तर जागा. निकाल लागायच्या आधी अर्ज करणाऱ्यांना बहुतेक हीच येते.

सगळे निर्णय आले की उत्तर द्यायची शेवटची तारीख पोर्टलवर दिसते. ती सगळ्यांना एकच नसते, म्हणून मित्राची तारीख आपली धरू नका. एका ऑफरला 'फर्म' म्हणायचं, ही तुमची पहिली पसंती. ती सशर्त असेल तर दुसरी एक 'इन्शुरन्स' म्हणून राखून ठेवता येते. बाकीच्या नाकाराव्या लागतात. इन्शुरन्सची अट फर्मपेक्षा सोपी हवी. दोन्हींची अट सारखीच असेल तर पहिली हुकली की दुसरीही हुकते. मुदतीत उत्तर दिलं नाही तर सगळ्या ऑफर आपोआप नाकारल्या जातात, आणि ते पूर्ववत करायला विद्यापीठाच्या विनवण्या कराव्या लागतात.

पाचही ठिकाणांहून नकार आला, किंवा आलेल्या ऑफर तुम्ही नाकारल्या, तर फेब्रुवारीच्या अखेरीपासून 'एक्स्ट्रा' खुलं होतं. त्यात एका वेळी एकच नवा पर्याय घालता येतो. तिथे जाताना नकार का आला, याचा विचार आधी करा. अपेक्षित गुणच कमी पडत असतील तर तितक्याच वरच्या अभ्यासक्रमाला पुन्हा अर्ज करून हाती काही लागत नाही.

निकाल आणि पुढचं

ए-लेव्हलसारख्या, म्हणजे ब्रिटनमधल्या बारावीच्या पातळीच्या, परीक्षांचे निकाल यूकॅसकडे थेट जातात. आपल्या बारावीचे जात नाहीत. निकाल लागला की गुणपत्रिका तुम्हालाच विद्यापीठाकडे पाठवावी लागते, त्यांनी सांगितलेल्या पोर्टलवर किंवा ईमेलवर, फर्म आणि इन्शुरन्स दोघांकडे. शैक्षणिक अटी पूर्ण केल्याचा पुरावा ३१ ऑगस्टपर्यंत पोचला पाहिजे. पण तोवर थांबू नका. आपला निकाल तिथल्या निकालाच्या बराच आधी लागतो, आणि ही आघाडी व्हिसासाठी सोन्यासारखी आहे.

अट थोडक्यात हुकली तर लगेच हताश होऊ नका. गुणपत्रिका पाठवा आणि त्यासोबत विद्यापीठाच्या प्रवेश विभागाला फोन करून विचारा. जागा असेल तर ते कधीकधी तरीही घेतात. मात्र पोर्टलवर स्थिती बदलेपर्यंत तोंडी आश्वासनावर तिकीट काढू नका.

दोन्ही जागा गेल्या तर क्लिअरिंग. ते जुलैच्या सुरुवातीला खुलं होतं. रिकाम्या जागांची यादी यूकॅसवर दिसते, पण क्रम लक्षात ठेवा: आधी विद्यापीठाला फोन, त्यांची तोंडी संमती, आणि मगच पोर्टलवर तो पर्याय घालायचा. फोन विद्यार्थ्याने स्वतः करावा. समोर गुणपत्रिका आणि तो दहा अंकी क्रमांक हवा. एकाहून जास्त ठिकाणी बोलता येतं, पोर्टलवर मात्र एका वेळी एकच पर्याय घालता येतो, म्हणून पहिल्या होकारावर घाईने बटण दाबू नका. उत्तर देण्यासाठी किती वेळ आहे, तेही फोनवरच विचारून घ्या.

जागा पक्की झाली की यूकॅसचं काम जवळजवळ संपतं. व्हिसासाठी लागणारा कॅस क्रमांक यूकॅस देत नाही, तो विद्यापीठ देतं, आणि त्याआधी बहुतेक ठिकाणी अनामत रक्कम भरावी लागते. कॅस मिळाल्यापासून सहा महिन्यांत व्हिसाचा अर्ज करावा लागतो. क्रमांक हाती आला की त्यावरचं नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक आणि अभ्यासक्रमाची तारीख पासपोर्ट शेजारी ठेवून ताडून पाहा. फरक दिसला तर व्हिसाचं शुल्क भरण्याआधी विद्यापीठाकडून दुरुस्त करून घ्या.